जळकोटच्या काट्यावरचे एकशेवीस किलो

कडूबाईनं सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता. बेंबळीच्या द्राक्षशेडवर क्रेट वजन करून ट्रकमध्ये चढवायचे आणि ट्रकबरोबर जळकोटला जायचं, हे तिचं काम. यंदा माल पहिल्यांदाच जळकोटला जात होता, आणि तिथल्या वजनकाट्यावर तो रोज एकशेवीस किलो कमी भरत होता. आज पाच वाजता शेडमालक युवराज तिच्याविरुद्ध पोलिसांत जाणार होता. चार दिवसांनी तिच्या निकिताला पाहुणे बघायला येणार होते. चोराच्या घरची पोरगी कोण करून घेतंय?

निकिताचे जुने मास्तर विष्णुपंत चार वाजता काट्यावर आले, ते आपल्या पुतणीला घेऊन. निवेदिता तुळजापुरात गुप्तहेराचं काम करायची. पंत माणूस सोन्यासारखा, पण डोक्यात उजेड पडायला वेळ लागायचा.

काट्यावरच थांबलेल्या युवराजनं सगळं सांगितलं. दोन्हीकडचे काटे तपासलेले, क्रेट मोजून बरोबर, ट्रकचं सील शाबूत.

"सोमवारी ही बाई आली न्हवती. त्या दिवशी घट फक्त सत्तर किलो. आजून काय पुरावा पायजे?"

पंतांनी मान डोलावली.

मग निवेदितानं ड्रायव्हर बब्रुवानला जवळ बोलावलं. भरली गाडी काट्यावर आणल्यावर काय करता, एवढंच विचारलं.

"काट्याशेजारी आईचं देऊळ हाय न्हवं? गाडी लावली की आधी आमी दोघं उतरून पाया पडतो. कडूबाई एक घोस ठेवती. तवर काटेवाला वजन घेतो."

"आणि माल उतरवून रिकामी गाडी आणता तेव्हा?"

"तवा कशाला उतरायचं? लई ऊन असतंय. पावती खिडकीतनंच घेतो."

निवेदितानं रिकाम्या काट्याकडं बोट केलं. "दोघं जरा वर उभे राहा."

आकडा आला एकशेवीस. कडूबाई उतरली. सत्तर.

"भरल्या गाडीच्या वजनात हे दोघं नसतात, रिकाम्या गाडीत असतात," निवेदिता म्हणाली. "भरल्यातून रिकामं वजा केलं की यांचं वजन द्राक्षांतून जातं. सोमवारी बब्रुवान एकटेच होते, म्हणून सत्तर."

"म्हणजे चोरी झालीच नाही?" पंतांनी विचारलं.

"रोज एक घोस जातो, काका. तो देवीपुढं असतो."

युवराजची मान खाली गेली. त्यानं तिथूनच शेडवर फोन लावला आणि सगळ्या बायकांना ऐकू जाईल असं सांगितलं, की कडूबाईनं काही घेतलं नाही, चूक माझी झाली.

कडूबाई देवळापुढं जाऊन मटकन बसली. इतका वेळ धरून ठेवलेलं रडू आता कोसळलं.

"तुला भेटाया उतरत व्हते गं आई," ती म्हणाली, "अन् तितंच मी चोर ठरत व्हते."

मग तिनं डोळे पुसले आणि काटेवाल्याकडं तांब्याभर पाणी मागितलं.