दर सोमवारी फाटणारा चहा

"फाटला! आजही फाटला!"

चिमटा ओरडतच घरात शिरला. इयत्ता चौथी, आणि पोटात काही म्हणजे काही राहत नाही असा मुलगा. ओट्यापाशी सँडविचच्या कडा कापत असलेली त्याची ताई सुरी हातात घेऊनच वळली. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपुरतं उरलं होतं. बाकी सगळीकडे ती ठिणगी.

"काय फाटलं? तुझी पँट?" पंडितने विचारलं. पंडित म्हणजे सुट्टीला आलेला मावसभाऊ. चष्मा जाड आणि मतं त्याहून जाड.

"चहा रे, चहा! काचेच्या इमारतीतला! त्या इस्त्रीने आईला सगळ्यांसमोर बोल लावले!"

मागोमाग आई आली. तिने मोठा थर्मास खाली ठेवला, अगदी आवाज न करता. आई भांडी आपटायची तेव्हा काही काळजी नसायची. ती अशी हळू ठेवायला लागली, की ठिणगी सावध व्हायची.

आईचा धंदा दुपारच्या चहाचा. चहा, सँडविच, केक आणि घरची बिस्किटं ती ऑफिसांत पोचवायची. सुरुवात गल्लीतल्या शिंप्याच्या दुकानापासून झाली, मग दवाखाना, मग वाचनालय, आणि आता काचेच्या इमारतीचा एक मजला. दूध घातलेला चहा थर्मासात राहिला की मरतो, असं आईचं म्हणणं. म्हणून ती घरून कोऱ्या चहाचा कडक अर्क न्यायची, दूध वेगळं न्यायची, आणि उकळतं पाणी तिथल्या तिथे घ्यायची. त्यामुळे वजन कमी झालं, जास्त ठिकाणी जाता आलं, धंदा वाढला.

पुढच्या सोमवारी काचेच्या इमारतीत सगळ्या मजल्यांचा मिळून मोठा कार्यक्रम होता. तो नीट पार पडला तर सगळी इमारत आईची! मग कोपऱ्यावरचं बंद दुकान भाड्याने घ्यायचं, मोठ्या भट्टीसकट. दुकानमालक सोमवारपर्यंत थांबायला तयार होता. त्यानंतर नाही.

"इस्त्री काय म्हणाला?" ठिणगीने विचारलं. इस्त्री म्हणजे तिथले व्यवस्थापक. त्यांच्या शर्टाला कधी सुरकुती पडलेली कोणी पाहिली नव्हती.

"साहेब म्हणायचं त्यांना," आई म्हणाली. "म्हणाले, चहा पांचट, वर आंबट. पत्ती वाचवता आणि दूध शिळं घालता. सोमवारी सर्वांसमोर माफी मागा, मग पुढचं बघू."

"आणि तू?"

"मी म्हटलं, चूक माझी असेल तर मागेन. नसेल तर नाही."

"नाहीच आहे मुळी!" ठिणगी उसळली.

"नाही म्हणून भागत नाही, बाळा. ते दाखवता आलं पाहिजे." आईने पदर खोचला आणि कप विसळायला घेतले. तिचा चेहरा मात्र माफी मागणाऱ्याचा नव्हता.

त्या संध्याकाळी गच्चीवर तिघांची बैठक बसली.

"आज तेच दूध दवाखान्यातही गेलं होतं," ठिणगी म्हणाली. "तिथल्या सिस्टरने तर दुसरा कप मागून घेतला. मग दूध शिळं कसं?"

"पण पांचट का झाला?" पंडित म्हणाला. त्याचा घसा बसला होता, म्हणून तो कोरा चहा पीत होता. त्याने पेल्यात लिंबू पिळलं, चमचा फिरवला आणि एकदम गप्प झाला. पंडित गप्प बसणं ही मोठीच घटना होती.

"काय झालं? बी गिळलीस?" चिमट्याने विचारलं.

"पेला बघा! आत्ता किती काळा होता. लिंबू पडलं आणि रंगच उतरला!"

तिघांची डोकी पेल्यावर एकमेकांना आपटली. खरंच, चहा पिवळट, फिक्का झाला होता.

"पत्ती कमी नाही," ठिणगी सावकाश म्हणाली. "आंबट काहीतरी पडतंय. त्यानेच रंग उतरतो, त्यानेच दूध फाटतं. आणि ते आपल्याकडून पडत नाही. तिथे पडतं!"

"मग दर वेळी सोमवारीच का?" चिमटा म्हणाला. दोघंही त्याच्याकडे बघत राहिले. "असं काय बघताय? मागच्या वेळीही सोमवारच होता. त्याच्या आधीही. माझ्या लक्षात आहे, कारण सोमवारी मला क्रेट उचलावा लागतो!"

"चिमट्या, तुला डोकं आहे की रे!"

"आहे ना. तुम्हीच आत्ता आपटलंत!"

मंगळवारपासून रोज तिघंही आईबरोबर गेले. चहा झकास! एकाही कपात दूध फाटलं नाही. म्हणजे सोमवारच्या आधी, इमारत बंद होताना, काहीतरी घडत होतं.

शनिवारी इमारत अर्धा दिवस चालायची. दुपारी तिघं पॅन्ट्रीच्या, म्हणजे तिथल्या चहापाण्याच्या खोलीच्या, दारात उभे राहिले.

"कपांचा क्रेट राहिलाय, काका," ठिणगी म्हणाली. क्रेट खरोखरच राहिला होता. आदल्या दिवशी तिनेच तो मुद्दाम मागे ठेवला होता.

पॅन्ट्रीवाले काका घरी निघण्याच्या घाईत होते. "घ्या आणि दार ओढून जा. साहेबांना पोरं इथे चालत नाहीत, माहीत आहे ना?"

काका गेले. तिघं कोपऱ्यातल्या खुर्च्यांच्या चळतीमागे दबा धरून बसले. समोर पाणी तापवायची मोठी स्टीलची टाकी होती. आई चहासाठी उकळतं पाणी तिच्यातूनच घ्यायची. वेळ जात नव्हता. चिमट्याला बिस्किट खायची परवानगी द्यावी लागली.

तेवढ्यात दार उघडलं. आत आले खुद्द इस्त्री! बाह्या वर सारलेल्या, ओठांवर गाण्याची शीळ. त्यांनी खिशातून पाकीट काढलं, टाकीचं झाकण उचललं आणि पांढरी पावडर आत ओतली. वरून आणखी थोडी. मग बटण दाबलं आणि शीळ वाजवत फेऱ्या मारायला लागले.

"उचक्!"

चिमट्याला उचकी लागली होती. ठिणगीने त्याचं तोंड दाबलं.

"कोण आहे?" इस्त्री थबकले.

"उच्क्!"

इस्त्रींनी इकडेतिकडे पाहिलं, मग सिंकखालच्या नळीकडे. "ही नळीसुद्धा बिघडली वाटतं!" त्यांनी नळीला एक लाथ घातली. नशिबाने उचकीही त्याच क्षणी थांबली.

थोड्या वेळाने त्यांनी टाकीची तोटी सोडली. पाणी धो धो सिंकमध्ये जायला लागलं. इतक्यात फोन वाजला.

"हो हो, निघालोच! अगं, टाकीतला क्षार काढत होतो. त्याला कशाला माणूस बोलवायचा? मी आहे ना!"

त्यांनी घाईघाईने तोटी बंद केली. टाकी अर्धी भरलेलीच होती. त्यात त्यांनी वरून नळाचं पाणी सोडलं, झाकण लावलं, हात झटकले आणि गेले.

"धुतलीच नाही!" पंडित कुजबुजला. "अर्धं पावडरचं आंबट पाणी आतच राहिलं! सोमवारी दिवसभर वापरून वापरून ते संपतं, म्हणून मंगळवारपासून चहा बरा!"

टाकीच्या झाकणाला पावडरचे दाणे चिकटले होते. चिमट्याचं बोट तिकडे निघालं.

"चाटू नकोस, गाढवा! कसलं आहे कुणास ठाऊक!" ठिणगीने त्याचा हात मागे ओढला आणि टाकीतलं पाणी रिकाम्या बाटलीत भरून घेतलं.

घरी आल्यावर आईने ते पाणी गरम केलं आणि त्यात ताजं दूध ओतलं. दुधाच्या लगेच गुठळ्या झाल्या. आईने त्या चमच्याने हलवून पाहिल्या.

"चल, आत्ताच्या आत्ता त्या इस्त्रीला सांगू!" ठिणगी म्हणाली.

"काय सांगणार? की तुम्ही खुर्च्यांमागे लपला होतात? ते म्हणतील, या पोरांनीच काहीतरी टाकलं." आईने गॅस बंद केला. "शिवाय माझ्या पोरांनी चोरून बघितलं, म्हणून मी खरी ठरले, असं मला नको. चोरून गेलात हे मला आवडलेलं नाही, तेही ऐकून ठेवा."

तिघांनी माना खाली घातल्या. पण ठिणगीची मान फार वेळ खाली राहत नसे. "मग त्यांच्याच हाताने दाखवायचं. पाणी त्यांचं, दूधही त्यांचंच!"

आईने तिच्याकडे पाहिलं. मग पहिल्यांदाच हसली. "आणि पाहुण्यांच्या चहासाठी पाणी आपण घरून न्यायचं. त्या पाण्याचा एकही कप माझ्या हातून कुणाला जाणार नाही. उचलाल ना?"

"उचलू!" तिघं एका सुरात ओरडले. सोमवारी जिन्यावर त्यांना त्या आरोळीचा पश्चात्ताप झाला, पण एकानेही तो बोलून दाखवला नाही.

सोमवारी सभागृह भरून गेलं होतं. सँडविचच्या थाळ्या बघता बघता रिकाम्या झाल्या. चहाचे कप फिरले आणि लोक पुन्हा रांगेत उभे राहिले. सगळ्यात पुढे होत्या मोठ्या बाई, म्हणजे इमारतीच्या मुख्य. "आज चहा फर्मास आहे!" त्या म्हणाल्या.

"आमच्या तंबीचा परिणाम, मॅडम," इस्त्री पुढे सरसावले. "आता या बाई दोन शब्द बोलणार आहेत. बोला. शिळ्या दुधाबद्दल."

सभागृह शांत झालं. आई पुढे आली. तिचा आवाज मोठा नव्हता, पण शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. "मी शिळं दूध कधी वापरलं नाही. माफी मागणार नाही."

"म्हणजे? चहा काय आपोआप फाटतो?"

"तेच बघू या ना, साहेब!" ठिणगी टेबलाच्या पुढे आली. "आमचा चहा नको, आमचं दूधही नको. तुमच्या फ्रिजमधलं दूध आणा. पेला तुमचा, ओतायचंही तुम्हीच. पाणी तेवढं पॅन्ट्रीतल्या टाकीचं घ्या."

"हा काय पोरखेळ आहे!"

"घाबरलात का?" चिमट्याने अगदी निरागसपणे विचारलं.

मागे कोणीतरी हसलं. इस्त्रींचे कान लाल झाले. ते तरातरा गेले आणि दुधाचं न फोडलेलं पाकीट घेऊन आले. पॅन्ट्रीवाल्या काकांनी टाकीतलं उकळतं पाणी आणलं. इस्त्रींनी पाकीट कापलं आणि ऐटीत धार धरली.

दूध फाटलं. काचेच्या पेल्यात गुठळ्या वरखाली फिरताना सगळ्यांना दिसल्या.

"यात ना आमची पत्ती, ना आमचं दूध," ठिणगी म्हणाली.

मोठ्या बाईंनी पेला उचलून वास घेतला. "ही टाकी कोण साफ करतं?"

पॅन्ट्रीवाले काका घसा खाकरून म्हणाले, "साहेब स्वतः करतात, मॅडम. शनिवारी. आम्हाला हात लावू देत नाहीत."

"क्षाराची पावडर घालतो मी," इस्त्री पुटपुटले. "पण धुतो ना नंतर! म्हणजे... पाणी सोडतो... बरंचसं."

"बरंचसं," मोठ्या बाई म्हणाल्या. "आणि इतके दिवस दोष यांना दिलात?"

इस्त्रींनी पेल्याकडे पाहिलं, मग आईकडे. शर्टावर पाठीमागे एक मोठी सुरकुती पडली होती. "चूक माझी होती, बाई," ते म्हणाले. "माफ करा."

"मोठ्याने," आई म्हणाली. "मला बोललात तेव्हा मागच्या रांगेला ऐकू आलं होतं."

त्यांनी ते पुन्हा म्हटलं, मागच्या रांगेपर्यंत पोचेल असं.

"उद्यापासून सगळे मजले तुमचे," मोठ्या बाई आईला म्हणाल्या. "चालेल?"

"चालेल. पण टाकी माझ्यासमोर धुवायची, आणि त्यातला पहिला कप साहेबांनी प्यायचा."

सभागृहात हशा पिकला. इस्त्रीही कसनुसे हसले. दुकानमालकाला आता आजच होकार कळवता येणार होता.

मोठ्या बाईंनी तिघांकडे वळून पाहिलं. चिमटा उरलेल्या केकपाशी होता, पंडित चष्मा पुसत होता, आणि ठिणगी अजून कंबरेवर हात ठेवून उभी होती. "शाबास! हुशार आहेत हो तुमची मुलं. पण ही मुलगी भलतीच हट्टी दिसते!"

"आहेच," आई म्हणाली. तिने ठिणगीच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला. "तेवढं एक माझ्याकडून घेतलंय तिने."