चौतीस ते चाळीस

आनंदा परब आणि यशोदा कोठारे यांची पहिली भेट विजेच्या झटक्याने झाली, आणि झटकाही असा की बाई स्टुलावरून उडालीच!

लालबागच्या एका गाळ्यात अप्पांचं रेडिओचे कंडेन्सर बनवायचं छोटंसं वर्कशॉप होतं. यशोदेचा कामावरचा पहिलाच दिवस. गिरगावच्या जुन्या, अब्रूदार घरातली मॅट्रिक झालेली मुलगी. तपासणीचे आकडे वहीत उतरवायचे, एवढंच तिचं काम. टेबलावर बोटाएवढी मेणकट नळी दिसली, म्हणून तिने सहज उचलली...

"आई गं!"

"काय झाला गो?" आतून एक सावळा, उंच तरुण धावत आला. डिलाईल रोडच्या चाळीतला, गिरणीकामगाराचा मुलगा. घाबरला की त्याच्या तोंडी घरची भाषा यायची. मग सावरून म्हणाला, "बाई, चूक माझी. कंडेन्सरमध्ये वीज साठून राहते. खाली ठेवताना दोन्ही टोकं तारेने जोडायची असतात, मी विसरलो. फार लागलं का हो?"

"छे हो, गुदगुल्या झाल्या!" यशोदा हात झटकत म्हणाली. डोळ्यांत पाणी, तरी हसू आवरेना.

त्या दिवसापासून आनंदा प्रत्येक नळीच्या टोकांना न चुकता तांब्याची बारीक तार पिळायचा. तिलाही त्याने ते शिकवलं. ती डावखुरी, तिचा पीळ नेमका उलटा पडायचा.

"तुमचं सगळंच उलटं," तो म्हणायचा.

"मग सरळ माणसांनी उलट्या माणसांच्या टेबलाशी इतक्या चकरा का माराव्यात?"

यावर आनंदा उगाच पक्कड शोधत बसायचा, आणि पक्कड त्याच्याच खिशात असायची.

मुंबईच्या दमट हवेत कंडेन्सर लवकर खराब होत. माटुंग्याच्या तंत्रशाळेत शिकलेल्या आनंदाने त्यावर मेणाचं एक नवं मिश्रण तयार केलं होतं. अप्पांनी अट घातली : चाळीस नग बनवायचे, गरम वाफेच्या पेटीत हजार तास ठेवायचे. चाळीसच्या चाळीस टिकले तर आनंदा पर्मनंट. एक जरी गेला, तर त्याने दुसरीकडे काम बघावं.

नग बनवायच्या दिवशी यशोदेने डब्यातून आंबेडाळ आणली होती. आदल्या दिवशी घरी चैत्रगौरीचं हळदीकुंकू झालं होतं. आनंदाने दोन वाट्या संपवल्या आणि एकदम म्हणाला, "पर्मनंट झालो ना... की गिरगावात एका घरी जायचंय."

"कुणाच्या?"

"तुमच्या. वडिलांना भेटायला."

यशोदेच्या हातातला चमचा डब्यात पडला. ती काही बोलणार, तोच बाहेरून घोषणा ऐकू आल्या. संयुक्त महाराष्ट्राच्या सभेला निघालेली माणसं आनंदाला हाका मारत होती. तो गेला तो गेलाच! पाठीमागे तेहेतीस नग तयार, सात बाकी, आणि पेटी संध्याकाळी पाचला बंद व्हायची. यशोदेने बोटं पदराला पुसली, कागद आणि चंदेरी पन्नी गुंडाळून सात नळ्या वळल्या, मेणात बुडवल्या, तारा पिळल्या. वहीत चाळीसही नगांपुढे आनंदाचं नाव लिहिलं. कुणालाच काही बोलली नाही.

हजार तास भरले. अप्पांनी पेटी उघडली, यशोदा एकेक नग मीटरला लावू लागली. तेहेतीसपर्यंत सगळे ठणठणीत. चौतिसावा लावला आणि काटा सरळ दुसऱ्या टोकाला गेला. पस्तिसावाही. छत्तिसावाही... चाळिसाव्यापर्यंत एकही धड नाही.

चौतीस ते चाळीस. म्हणजे तिचेच!

"मिश्रण कुचकामी आहे," अप्पा म्हणाले.

"चूक माझीच आहे, अप्पा," आनंदा शांतपणे म्हणाला. "महिनाअखेर जातो."

आता गप्प बसलं तर यशोदेच्या डोळ्यांदेखत हा माणूस जाणार. बोललं तर तिची नोकरी जाणार, आणि परक्या मुलासाठी तिने काय केलं हे गिरगावभर होणार. तिने चाकू घेतला आणि चौतिसावा नग उभा चिरला.

आतल्या कागदावर अंगठ्याचा पिवळा ठसा होता. भोवतालची पन्नी पांढरी पडून तिचा भुगा झाला होता.

"हे काय?" अप्पांचे डोळे विस्फारले.

"हळद, अप्पा. आंबेडाळीतली. मिठानं पन्नी खाल्ली." यशोदेने ठशाशेजारी आपला अंगठा टेकवला. तंतोतंत जुळला. "हे सात मी वळले. हातसुद्धा धुतले नाहीत. यांचं मिश्रण चांगलंय, मीच माती खाल्ली!"

अप्पा मटकन खुर्चीत बसले. आनंदा मात्र जराही दचकला नाही. ते पाहून यशोदाच चक्रावली.

"मीच केलेत, हे तुम्हाला... ठाऊक होतं?"

"मी तेहेतीसच करून गेलो होतो. दुसऱ्या दिवशी पेटीच्या काचेतून बघितलं, तर चाळीस. सात तारांचा पीळ उलटा होता."

"आणि तरी चूक माझी म्हणालात?"

"मग काय तुझं नाव सांगू?" तो पटकन बोलून गेला. 'तुझं' म्हटलेलं दोघांनीही ऐकलं. यशोदेच्या अंगातून पहिल्या दिवसासारखीच झिणझिणी गेली, आणि या वेळी तर मध्ये कंडेन्सरही नव्हता.

अप्पांनी खिडकीतली साबणाची वडी उचलून टेबलावर आपटली. "तेहेतीस टिकलेत, म्हणजे मिश्रणात दम आहे. सात नवे करा. पुन्हा हजार तास! आणि गाळ्यात आंबेडाळ आणाल तर बघा!"

ते बाहेर गेले. दोघं मोरीशी उभे राहून हात धुऊ लागले. एकच वडी, या हातातून त्या हातात.

"बेचाळीस दिवस," आनंदा म्हणाला. "थांबशील?"

"नाही," यशोदा म्हणाली.

त्याचा चेहरा खर्रकन उतरला. साबण हातातून निसटला.

"पेटीला काय सांगायचं ते सांगू दे," तिने ओला अंगठा त्याच्या तळहातावर दाबला. "तू रविवारी ये. बाबा दहापर्यंत घरी असतात."