वानरमुखी बरणी

वात जरा पुढे सार, मग सांगते.

सत्त्याऐंशीच्या चैत्रात मी धुळ्याहून सोनगीरला निघाले, ती चाळलेल्या पिठाचा डबा घेऊन. माझा धाकटा भाऊ अभिमन, शाळेतला चित्रकलाशिक्षक, महामार्गावर ट्रकखाली सापडून गेला होता. मृताला जिथे ठेवले तिथे पीठ पसरायचे, मधोमध दिवा लावून टोपली झाकायची आणि सकाळी, गेलेला कोणत्या जन्माला गेला ते कळावे म्हणून, पिठावरचे पाऊल पाहायचे, ही आमच्याकडची रीत.

त्याच खोलीतल्या फळीवर त्याने घडवलेल्या मातीच्या चार बरण्या होत्या. प्राचीन इजिप्तचे त्याला लहानपणापासून वेड. तो मला सांगे,

"अक्का, मृताचे अवयव अशा बरण्यांत ठेवायचे, हे चौघे देव ते राखतात. माणसाच्या तोंडाचा इम्सेटी यकृत, वानराचा हापी फुप्फुसे, कोल्ह्याचा दुआमुतेफ जठर, ससाण्याचा केबेहसेनुएफ आतडी."

"त्यापेक्षा कैरीचे लोणचे भर मेल्या, चार माणसे नाव तरी घेतील!"

तो हसे. दम्यामुळे त्या हसण्याच्या शेवटी बारीक शीळ वाजत असे.

त्या संध्याकाळी त्याची पत्नी वच्छलाबाई टोपली हातात घेऊन थबकली.

"अक्का, डाक्टरनी त्यास्नं पोट फाडं... बठ्ठं परत ठेवं व्हई का? त्या अधुराच गयात का..."

शवविच्छेदनानंतर बठ्ठं, म्हणजे सगळे, जागच्या जागी ठेवून शिवतात, असे मी तिला समजावले. तिचे समाधान झाले नाही. तिने त्या रिकाम्या बरण्या पिठाच्या चार कोपऱ्यांवर मांडल्या, तोंडे दिव्याकडे करून. तेलाचा आणि ओल्या शेणाचा वास दाटला होता. बाहेरून कडी मीच लावली.

उजाडल्यावर कडी मीच काढली. पिठावर पाऊल नव्हते. कोणाचेच नव्हते. बरण्यांची तोंडे मात्र बाहेर वळलेली, पहाऱ्याला बसल्यासारखी. आणि बूड फिरल्याची रेघसुद्धा पिठावर नव्हती.

वच्छलाबाईने वानराची बरणी उचलली. तिचे हात खाली ओढले गेले.

"जड शे, अक्का... बठ्ठं शे."

"झाकण काढू नकोस," मी म्हटले.

त्यानंतर ती एकदाही रडली नाही. तिच्यामागे बरण्या माझ्याकडे आल्या. त्या बघ, तुझ्या डोक्यावरच्या फळीवर. दरवर्षी मी कैऱ्या चिरायला बसले, की वानराच्या बरणीतून बारीक शीळ येते. मला बरे वाटते; घरात कोणी हसल्यासारखे.

यंदा मात्र मी कैऱ्या आणलेल्या नाहीत.

थांब... वात नको वाढवूस. ऐकलेस?