बाण नेमका कुठे बघतो?

समजा, तुमच्या मनगटावर एक निळा पट्टा आहे. घड्याळासारखाच, पण काटे नाहीत. नुसता इवलासा पडदा. वाचनालयात शिरताना पुस्तकाचं नाव सांगायचं, की पट्टा हलकेच थरथरतो आणि पडद्यावर बाण उमटतो. बाण दाखवेल तसं जायचं, की पुस्तक हजर! आता सांगा बरं, बाणाचं टोक वरच्या बाजूला आलं, तर तुम्ही काय कराल?

टिपरीने जे केलं, त्यामुळे तिचं वाचनालयाचं कार्ड जप्त झालं. आणि सुट्टीचे अजून पंचवीस दिवस बाकी होते!

"शिडीच्या सातव्या पायरीवर होती ही!" ग्रंथपाल बाई तिच्या दादाला सांगत होत्या. "शिडीवर चढू नये, अशी पाटी आहे. नऊ वर्षांच्या मुलीला वाचता येत नाही का?"

"पण पट्टाच म्हणाला, वर जा!" टिपरीचे डोळे भरून आले.

पट्टे बनवणारे काका तिथेच बसले होते. वाचनालयात टपाल आणणारे एक पट्टेवाले आधीच होते, म्हणून मुलं यांना पट्टेकाका म्हणत. त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकं घातलं.

"यंत्र बिनचूक आहे. पुस्तक समोरच्याच कपाटात होतं. पट्ट्याने हिला सरळ जायला सांगितलं होतं."

"ऐकलंस? सरळ जायचं आणि सरळ वागायचं," बाई म्हणाल्या. कार्ड खणात गेलं. सुट्टी संपेपर्यंत!

रस्त्यात दादाने हळूच विचारलं, "खरं सांग टिपरे, उगाच चढलीस ना?"

"दादा, तूसुद्धा?" ती चालता चालता थांबलीच.

दादा वरमला. टिपरी भांडायची, रुसायची, पण खोटं कधी बोलायची नाही. "बरं," तो म्हणाला, "उद्या नीट बघू. आरडाओरडा न करता."

दुसऱ्या दिवशी दादा आणि त्याचा मित्र चष्मिस शिडीजवळच्या टेबलावर वही घेऊन बसले. कार्ड नसल्यामुळे टिपरी बाहेर व्हरांड्यात, खिडकीच्या गजांना नाक लावून उभी. दुपारी तिघे खिडकीपाशी जमले.

"अकरा मुलं शिडीपाशी आली," चष्मिसने वही वाचली. "त्यातली चार छताकडे बघत उभी राहिली. एक तर पंख्याकडे!"

"पंख्यावर कसलं पुस्तक?" दादा हसला.

"हसू नकोस. चौघंही लहान होती. मोठ्यांपैकी एकानेही वर पाहिलं नाही. असं का?"

टिपरीने आपलं रिकामं मनगट डोळ्यांसमोर धरून पाहिलं. मग म्हणाली, "मला कळलंय. पण पट्टेकाकांना सांगून उपयोग नाही. ते लगेच आपल्यालाच समजावत बसतील. त्यांना दाखवायला हवं!"

मग चष्मिस काकांकडे गेला. "काका, पैज! पंधरा मिनिटं इथे बसायचं आणि एक शब्द बोलायचा नाही."

"हात्तिच्या! एवढंच?"

"तुम्हाला जमायचं नाही," बाई हसल्या आणि स्वतःही खुर्ची ओढून बसल्या.

सहा वर्षांची एक मुलगी आली. तिला हत्तीचं पुस्तक हवं होतं. पट्टा थरथरला. ती चार पावलं चालली, थांबली, पट्ट्याकडे बघत राहिली.

"अगं, सरळ..." काका पुटपुटले.

"शू!" दादाने ओठांवर बोट ठेवलं.

मुलीने छताकडे पाहिलं. मग शांतपणे शिडीवर पाय ठेवला! बाई धावल्याच.

"अगं बाई, कुठे चाललीस?"

"वर! हे काय, बाण आहे ना!"

काकांना राहवलं नाही. "तो बाण म्हणजे सरळ पुढे! फोनवरच्या नकाशात नसतो का तसा?"

"माझ्याकडे फोन नाही," मुलगी म्हणाली.

तेवढ्यात खिडकीतून टिपरीचा आवाज आला, "काका, तुम्ही पट्टा कुठे ठेवून तपासला होता?"

"टेबलावर."

"आता हाताला बांधा. आणि बघायला हात डोळ्यांसमोर धरा. आम्ही धरतो तसा!"

काकांनी पट्टा बांधला, मनगट नाकासमोर उभं धरलं. बाणाचं टोक थेट छताकडे!

"अरेच्चा! टेबलावर तो पुढे बघत होता, आणि हातावर..."

"वर बघतोय," बाईंनी वाक्य पुरं केलं. त्यांनी खण उघडला, व्हरांड्यात गेल्या आणि कार्ड टिपरीच्या हातात ठेवलं. "चूक माझी झाली, बाळा. तू पाटी वाचलीस का, ते मी विचारलं. तू काय वाचलंस, ते विचारलंच नाही."

"आणि मी यंत्र तपासलं, माणूस नाही," काका म्हणाले. "शाबास गं! आता तूच सांग, बाणाऐवजी काय काढू?"

टिपरीने चष्मिसच्या वहीत दोन पावलं काढली, एकापुढे एक. "पुढे चालायचं असेल, तर ही. आणि पुस्तक उंच फळीवर असेल, तर बाईंचा चेहरा. म्हणजे त्यांना हाक मारायची!"

"चष्म्यासकट काढ हं," बाई म्हणाल्या.

दोन दिवसांनी पडद्यावर पावलं उमटू लागली. पहिला पट्टा बांधला एका नव्या मुलीने, जेमतेम शाळेत जायला लागलेल्या. ती भांबावून उभी राहिली. दादा सांगायला पुढे झाला, तशी टिपरीने त्याची बाही धरून त्याला मागे ओढलं.

"सांगायचं नाही. चुकली तर चूक चित्राची."

मग ती वही उघडून जमिनीवर मांडी घालून बसली आणि त्या छोट्या पायांकडे बघू लागली.