उसन्या पेशी

बर्फाचा डबा कवटाळून सिद्धी शेजारच्या प्रयोगशाळेच्या दारात उभी राहिली. तिच्या पेशींना बुरशी लागली होती. प्रयोगासाठी वाढवलेल्या जठराच्या कर्करोगाच्या पेशी साऱ्या फेकाव्या लागल्या होत्या. चेहरा असा, जणू विरजण मागायला आली आहे. शेजारी पेशी मागायला आलेय, असं फोनवर आईला ती नागपुरी मराठीत सांगत होती.

"स्वल्प थांबा अक्का, देतो," आतून मराठीतच उत्तर आलं.

"अक्का नका म्हणू."

"सरी. मग... काय म्हणू?"

तो रघुनंदन. घराणं पिढ्यान्‌पिढ्या बंगळूरचं, मराठी कन्नडमध्ये मुरलेली: 'जरा'ला स्वल्प, 'बरं'ला सरी. त्यानं दिलेली पेशींची कुपी त्यालाही कुणीतरी अशीच दिली होती. तपासून पाहायचं कुणाच्या मनात आलं नाही. त्याचा शोधनिबंध त्याच पेशींवर उभा होता, आणि पुढे निबंधाच्या जोरावर बंगळूरजवळच्या होसकोट्याच्या औषध कंपनीतली नोकरी जवळजवळ ठरली.

कुपीचं निमित्त पुरलं. बंगळूरच्याच शिवाजीनगरात दोघं कॉफी प्यायची, तो कन्नड शिकवायचा, ती त्याच्या मराठीला हसायची. नोकरी लागली की नागपूरला येऊन तुझ्या बाबांना भेटतो, असं तो एकदा म्हणाला — तिच्याकडे न बघता.

दोन वर्षांनी सिद्धीच्या मार्गदर्शकांनी पेशींची डीएनए तपासणी मागितली. रघुनंदनच्या साठ्यातली कुपीही तिनं सोबत धाडली. दोन्हींचा निकाल एकच: पेशी जठराच्या नव्हत्याच. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या होत्या; अशा पेशी दुसऱ्या बाटलीत शिरल्या की झपाट्यानं वाढून तिथल्या मूळच्यांना संपवतात. सिद्धीचं दोन वर्षांचं काम गेलं.

तिनं कॉफीच्या टेबलावर त्याला सांगितलं. बाहेर चार दिवसांचं मळभ होतं. त्यानं कप बाजूला सारला.

"दोन महिने... कुणाला बोलू नकोस. नोकरी पक्की होऊ दे. मग मीच कळवतो."

हे तो मागणार नाही, असं ती धरून चालली होती. दोन वर्षं गेल्यापेक्षा हे जास्त लागलं.

"तोवर कुणी पेशी मागायला आलं तर?"

तो बिल मागवायला वळला. ती उठून गेली.

तिसऱ्या दिवशी ती त्याचा जेवणाचा डबा परत करायला गेली. वरच्या मजल्यावरच्या श्यामला मॅडम त्याच्यासमोर उभ्या होत्या. त्यांना तीच कुपी हवी होती. रघुनंदनची दाराकडे पाठ होती.

"नाही देता येणार, मॅडम. त्या जठराच्या नाहीत. मी निबंध मागं घेतलाय. काल कळवलं, कंपनीलापण."

मॅडम गेल्या. तो वळला, आणि सिद्धी दिसली.

"होसकोट्याचं...?" तिनं विचारलं.

"गेलं ते." त्यानं तिच्या हातातला डबा घेतला. "पहिल्यापासून सगळं करायचं. नागपूरला कधी येईन, ठाऊक नाही. आता... थांब कसं म्हणू तुला?"

खिडकीबाहेर आभाळ तसंच करडं होतं. तिची शिष्यवृत्ती डिसेंबरात संपणार होती. तिनं स्टूल ओढलं आणि बसली.

"स्वल्प थांबते," ती म्हणाली.