उत्तरेकडची गाठ

त्या दुपारी मी टेकडीवर गेले ती फक्त अकरा रोपं मेल्याची नोंद करायला. खिशात राजीनामा तयार होता.

इथलं मूळ जंगल तोडून वनखात्यातल्या आमच्या आधीच्यांनी झटपट वाढणारी परकी झाडं लावली. पुढे तीही कापली. आम्ही मूळ झाडं परत आणायला निघालो, तर ती काही केल्या जगेनात. एका जातीच्या तर अकराच बिया उरल्या होत्या. त्या रुजवल्या आमच्या रोपवाटिकेतल्या मावशीने. तिच्यापुढे भलेभले शास्त्रज्ञ हात टेकायचे. रोपाची जी बाजू वाफ्यात उत्तरेला होती, तीच टेकडीवरच्या खड्ड्यातही उत्तरेला आली पाहिजे, हा तिचा हट्ट. म्हणून ती आपल्या करड्या शालीचा धागा काढून प्रत्येक रोपाला उत्तरेकडे गाठ मारायची. मग तळव्याने माती तीनदा दाबायची. म्हणायची, "आता हे कुठे जात नाही."

हिवाळ्यात ती गेली. अंगावरची शालही तिच्याबरोबरच गेली. धागे कुजून गळाले आणि रोपं वाळू लागली.

"मॅडम, धुकं उतरतंय. लवकर या," जीपचा ड्रायव्हर म्हणाला. "मी काही वर येत नाही."

"का? मेलेली रोपं चावतात?"

त्याने जीपची काच वर केली.

वर पोचले तेव्हा हातभर पुढचं दिसेना. वास मात्र आला... ओल्या पानांचा, बुरशीचा, दाट जंगलाचा. उघड्या टेकडीवर! मग आवाज. थप... थप... थप. जरा पुढे पुन्हा तीनदा.

"मावशी...?"

आवाज थांबला.

मी गुडघे टेकून रोपं चाचपली. अकराही जिवंत! बुंध्याशी काळी ओली माती, उत्तरेला करड्या धाग्याची नवी गाठ. भीती वाटली, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त अभिमान वाटला. मरणालाही न जुमानता हातातलं काम पुरं करणारी बाई ती! मला रडू आलं.

तेवढ्यात माझ्या पायांभोवतीची माती कुणीतरी दाबली. थप... थप... थप.

कशीबशी जीपपाशी पोचले.

"मॅडम... मनगटाला काय बांधलंय?"

नऊ वर्षं झाली. राजीनामा पेटीत पडून आहे. एकदाच मनगटावरच्या धाग्याला कात्री लावली होती. अर्धाच कापला गेला. सकाळी एक झाड वाळलेलं होतं. आता दहा आहेत.

दिवा जरा जवळ आणा. हा हात धरा, हवा तसा फिरवा... बघा, गाठ दर वेळी कुठल्या दिशेला येते ते.