कितीला मागितली गाडी?

लोत्फीची आणि माझी ओळख झाली ती माझा पडद्याचा दांडा त्याच्या बरगडीत घुसला तेव्हा.

चूक माझी नव्हती. शुक्रवारच्या गाड्यांच्या बाजारात मी दांडा घेऊनच जायचे. माझा धंदाच तो. आमच्या अल्जीरियात, मोस्तागानेममध्ये, ज्या घरात लग्न ठरतं त्या घरातला दिवाणखाना नवा होतो. गाद्या, तक्के, पडदे मी शिवते, आणि जाऊन लावूनही देते. पडद्याचा दांडा तीन मीटरचा. तो खांद्यावर घेऊन मी रस्त्यात उभी राहिले की टॅक्सीवाले दुसरीकडे बघायला लागतात. म्हणून जुनी, स्वस्तातली गाडी हवी होती. रंग उडालेला चालेल, रेडिओ नसला तरी चालेल. रोज सकाळी सुरू व्हावी आणि दांडा आत मावावा, एवढंच मागणं होतं.

तर एका पांढऱ्या व्हॅनचं मागचं दार उघडं दिसलं आणि मी दांडा आत ढकलला.

"आई गं..." आतून आवाज आला.

घोंगडीवर एक तरुण झोपला होता. उठून बसला, बरगडी चोळली, आणि माझ्याकडे बघत राहिला. डोळे झोपेने जड, केस उभे... आणि तशातही ओठांच्या कोपऱ्यात हसू.

"गाडी बघायला आलात की शिकारीला?"

"तुम्ही गाडी विकायला आलात की झोपायला?"

"दोन्हीला. चांगली जागा हवी तर अंधारात येऊन धरावी लागते."

"तीन मीटरचा दांडा मावतो का ते बघत होते."

"मावला असता," तो म्हणाला. "मध्ये मी होतो."

मला हसू आलं, ते मी मामाकडे वळून लपवलं. बूजमा मामा, माझ्या आईचा भाऊ, आयुष्यभर ओरानची बस चालवून आता घरी बसलेला. त्याने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. थंड. विकणारा आधीच इंजिन तापवून ठेवत असेल तर गाडीत काहीतरी काळंबेरं आहे, असं त्याचं म्हणणं. मग तेलाचं झाकण काढून वास घेतला, पायाखालचं रबर उचलून गंज शोधला, दारांच्या कडांवरून बोट फिरवून पुन्हा रंग मारलाय का ते पाहिलं. शेवटी "हं" म्हणाला. मामाचं "हं" फार महागाचं असतं.

"कितीला मागितली, पोरा?" मामाने विचारलं.

आमच्या बाजारात किंमत कोणी विचारत नाही आणि विकणारा सांगतही नाही. आतापर्यंत दुसऱ्या कोणी काय देऊ केलं ते विचारायचं, आणि परवडलं तर त्याच्या वर जायचं. थापा मारणारे असतातच. पण शुक्रवार, दुपारच्या नमाजाला जायचं असतं, त्यामुळे माणूस जरा कचरतो.

"एकसष्ट," तो म्हणाला.

माझ्या पर्समध्ये साठ होते. सहा लाख दिनार, बाजाराच्या भाषेत नुसते साठ.

"चालवून तर बघा," तो म्हणाला. "बघण्याचे पैसे घेत नाही मी."

मग आम्ही निघालो. मी चालवत होते, तो शेजारी, आणि मामा मागे घोंगडीवर दांडा धरून. दांड्याचं टोक बरोबर आम्हा दोघांच्या मधून पुढे आलं होतं. समुद्रावरून धुकं चढत होतं, काचेवर बारीक थेंब जमत होते, आणि रस्ता पुढे पुढे नुसता विरघळत चालला होता. कुठूनतरी संत्र्याच्या मोहराचा वास येत होता. मला वाटलं, हा रस्ता संपूच नये... म्हणजे गाडी तपासायला लांब रस्ता बरा असतो, म्हणून.

"तिसरा गिअर जरा रुसतो," तो हळूच म्हणाला. "जबरदस्ती केली तर आणखी रुसतो. हात ठेवायचा आणि थोडं थांबायचं."

मी हात ठेवला. थांबले. तो माझ्या हाताकडे बघत होता हे मला न बघताच कळत होतं. गिअर आपणहून बसला.

"इतकी लाडकी आहे तर विकताय कशाला?"

"फ्रान्सला, मार्सेलिसमध्ये चुलतभावाचं दुकान आहे. फ्रीज, एसीची दुरुस्ती. मीही तेच करतो. व्हिसा आलाय. गाडी विकली की बोटीचं तिकीट काढायचं."

"बरं," मी म्हटलं. त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. खरंच नाही.

परत येताना मामाने बाजाराच्या टोकाची एक व्हॅन दाखवली. पोपटी. बाजूला मोठ्या अक्षरांत बेकरीचं नाव. "ती पण बघून घे," मामा म्हणाला. "शी," मी म्हटलं, आणि विषय संपला.

पुढचा शुक्रवार येईपर्यंत मी आईकडून दोन मागून घेतले. बासष्ट घेऊन गेले, तर लोत्फी म्हणाला, "त्रेसष्ट देऊ केलेत एकाने."

मी चेहरा पाडला. पाडला म्हणजे पाडावा लागला, कारण आतून चक्क हायसं वाटलं होतं. गाडी मिळाली नाही आणि मला बरं वाटलं... हे काय झालंय आपल्याला, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर माहीत असल्यामुळे पुढे विचारलं नाही.

तेवढ्यात पाऊस आला. मामा ओळखीच्या कुणाच्या छत्रीखाली शिरला आणि आम्ही व्हॅनमध्ये बसलो. लोत्फीने गरम करंतिका आणली होती. पावात भरलेली ती बेसनाची मऊ वडी, वर जिरं आणि लाल मिरचीची हरिसा चटणी. त्याने पाव मधोमध मोडला आणि मोठा तुकडा मला दिला. टपावर पाऊस वाजत होता. काचा आमच्या श्वासांनी धुरकटल्या, बाहेरचा बाजार दिसेनासा झाला.

"तिखट लागलं?" त्याने विचारलं.

"नाही. तुझ्या बाहीचं बटण लोंबतंय."

'तुझ्या' म्हणून गेले खरी. त्याने नुसता हात पुढे केला. माझ्या पर्समध्ये सुई-दोरा कायम असतो. मी बटण शिवायला घेतलं. त्याचं मनगट माझ्या गुडघ्यावर, आणि तो श्वास धरून बसलेला.

"टोचणार नाही मी."

"पहिल्या भेटीत दांडा घुसवलास, तुझा भरवसा काय?"

"हलू नकोस मग."

"हलत नाहीये," तो म्हणाला. आणि मग अगदी खालच्या आवाजात, "हलायचंच नाहीये मला."

दोरा तोडायला मी खाली वाकले. तेवढा एक क्षण माझं कपाळ त्याच्या हाताजवळ होतं... पुढचे सगळे दिवस मी पडद्यांना झालर लावत होते आणि तो क्षण पुन्हा पुन्हा जगत होते. एका गिऱ्हाईकाच्या पडद्याला तर झालर उलटी लावली.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी मामा बाजारात चक्कर मारून आला तो गालात हसत.

"शाहिनाज, तुझ्या त्या पोराला त्रेसष्ट कुणीही देऊ केलेले नाहीत. शेजारचा गाडीवाला सांगत होता. उलट रेलिझानचा एकजण सत्तर द्यायला तयार होता. हा नाही म्हणाला."

मी तरातरा लोत्फीपुढे जाऊन उभी राहिले.

"सत्तर का नाही घेतलेस?"

त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "दिली असती तर तुला गाडी मिळाली नसती."

"मग मला द्यायचीस. साठला, एकसष्टला."

"तुला दिली असती तर..." तो थांबला. बटणाशी चाळा करत राहिला. "तर पुढच्या शुक्रवारी तू आली नसतीस."

माझं त्याच्यावर प्रेम होतं, हे मला त्या क्षणी स्वच्छ कळलं. आणि त्याच क्षणी रागही आला, तोही तितकाच स्वच्छ.

"आणि मार्सेलिस?"

"भावाला सांगतो, गाडी विकली जात नाही."

"म्हणजे जायचं की राहायचं ते माझ्या पर्सवर सोडलंस?"

"इथलं काम तुला माहीत आहे, शाहिनाज. उन्हाळ्यात जीव जातो, हिवाळ्यात माशा मारत बसायचं. तिकडे बारा महिने पगार... तू राहा म्हण. मी राहतो."

"मी नाही म्हणणार."

"का?"

"कारण पुढच्या हिवाळ्यात माशा मारताना तू माझ्या नावाने खडे फोडशील."

त्याने खिशातून किल्ली काढून माझ्यापुढे धरली. "मग घे. साठला घे. आत्ता."

माझा हात अर्धा पुढे गेला, खोटं कशाला बोलू. गाडीत काही खोट नव्हती. रुसणाऱ्या गिअरची मला सवय झाली होती. घरी लग्नघरांची कामं खोळंबली होती. पण ती किल्ली घेतली असती तर त्याच्या बोटीचं तिकीट मी माझ्या हाताने काढल्यासारखं झालं असतं. आणि न घेता नुसती दर शुक्रवारी येत राहिले असते, तर मीही त्याच्यासारखीच वेळ काढत बसले असते. मी हात मागे घेतला आणि चालत बाजाराच्या टोकाला गेले.

पोपटी व्हॅनशेजारी म्हातारे हाजी मोख्तार स्टुलावर बसले होते.

"कितीला मागितली, हाजी?"

"कुणीच नाही मागितली, पोरी," ते म्हणाले. "रंग बघूनच पळतात. गाडीने मात्र एकदाही पाव उशिरा पोचवला नाही."

बॉनेट थंड होतं. पहिल्या फटक्यात सुरू झाली. दांडा सरळ मावला नाही, तिरका मावला. मामा दोनदा "हं" म्हणाला. मी आकडा सांगितला. हाजींनी जरा विचार केला, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "अल्लाह बरकत देवो." एकदा हे म्हटलं की गाडी विकली गेली, मग कुणी मागे फिरत नाही.

निघताना मी लोत्फीपाशी ब्रेक लावला. काच खाली होईना, म्हणून दार उघडून बोलावं लागलं.

"आता माझ्यासाठी गाडी धरून ठेवू नकोस. जायचं तर मनापासून जा. राहायचं तर मनापासून राहा. पण असा मध्येच उभा राहू नकोस, लोत्फी."

त्याने तोंड उघडलं, पण मी दार ओढून घेतलं. वळण ओलांडल्यावर मला रडू फुटलं. मामा भला माणूस, त्याने डोळे मिटून घोरायचं सोंग घेतलं.

तो आठवडा कसा गेला ते मला नीट सांगता येणार नाही. पोपटी गाडी रोज सकाळी मुकाट्याने सुरू व्हायची. आत बडीशेपेचा आणि ताज्या पावाचा वास भरून राहिलेला. मी दांडे लावले, पडदे सोडले, नवऱ्यामुलींच्या आयांकडून कौतुक ऐकलं. सगळं अगदी हवं होतं तसं चाललं होतं, आणि मला घास गिळवत नव्हता.

शुक्रवारी टायर बघायला जाते असं सांगून मी बाजारात गेले. त्याची जागा रिकामी होती.

"पांढऱ्या व्हॅनवाला?" शेजारचा गाडीवाला म्हणाला. "आज फिरकलाच नाही. गेला असेल."

गेला असेल. मीच तर म्हटलं होतं, मनापासून जा. मी त्या रिकाम्या जागेत थोडी उभी राहिले. मग लांबचा रस्ता धरून घरी आले, कारण जवळचा रस्ता बंदरावरून जातो आणि तिथल्या बोटी बघण्याची माझ्यात ताकद नव्हती.

घराच्या दारात अनोळखी बायकांच्या चपला होत्या. आतून आईचा तो गोड आवाज येत होता, जो ती फक्त पाहुण्यांसाठी ठेवते. मला बघताच तिने दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं.

"कुठे होतीस? केस बघ तुझे. एक बाई आल्यात, लेकीला घेऊन. म्हणतात, त्यांच्या मुलाने तुला गाड्यांच्या बाजारात पाहिलं. पत्ता बूजमाने दिला म्हणे. काय करत होतीस गं तू तिथे?"

मी खिडकीकडे धावले. खाली, मागच्या गल्लीत, पांढरी व्हॅन उभी होती. आमच्याकडे मागणी घालायच्या पहिल्या भेटीला बायकाच वर येतात, मुलाने खाली थांबायचं असतं. लोत्फी इस्त्रीचा शर्ट घालून तिथे थांबला होता. भिजल्यासारखा दिसत होता, पण पाऊस नव्हता, घामच होता. त्याने वर पाहिलं.

"गेला नाहीस?" मी कुजबुजले, पण त्याला ऐकू जाईल अशी.

"भावाला फोन केला. येत नाही म्हणून सांगितलं."

"कारण काय दिलंस?"

"खरं तेच. आधी शिव्या घातल्या त्याने, मग म्हणाला, आईला मागणी घालायला पाठव."

"मी अजून हो म्हटलेलं नाहीये."

"माहीत आहे," तो म्हणाला. आता तो हसत नव्हता. "तू नाही म्हणालीस तरी मी राहणार आहे. ते मी ठरवलंय, शाहिनाज. त्याचा बोजा तुझ्यावर नाही."

मागून आई कॉफी उतू जाईल म्हणून ओरडत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तो खाली धूसर होत चालला होता.

"लोत्फी..."

"काय?"

"मी आत जाऊन हो म्हणणार आहे. तू तिथेच थांब. कुठेही जाऊ नकोस."

मग मी डोळे पुसले, केस सारखे केले आणि कॉफीचा ट्रे घेऊन त्याच्या आईसमोर गेले.